खिडकी होईपर्यंतचा गूळ

जे मागताना माणसाने मान खाली घालावी, आवंढा गिळावा आणि शेवटी न मागताच परत फिरावे, ते सगळे सभेत ठराव मांडल्यासारखे स्वच्छ आवाजात मागणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. ते आमच्या छापखान्यात कंपोझिटर होते. वयाने मोठे, म्हणून मालकांसकट सगळे त्यांना मामा म्हणत. मामांना जाऊन आता महिना होत आला. मी त्याच छापखान्यातला मुद्रितशोधक. दिवसभर दुसऱ्यांची वाक्ये वाचायची आणि समासात खुणा करायच्या, एवढाच माझा लेखनाशी संबंध. त्यामुळे हे हळूहळू लिहितो आहे. मामा असते तर मागून डोकावून म्हणाले असते, "मास्तर, लिहायला बसलात खरं, पण आधी दिवा तरी बरा मागा."

ठाकूरद्वारच्या बाजूला एका वाडीत तळमजल्यावर आमचा छापखाना आहे. मी तिथे पहिल्या दिवशी गेलो तेव्हा बसायला काही दिसेना, म्हणून कोपऱ्यातल्या एका खोक्यावर बसून प्रुफे वाचू लागलो. समोर एक उंच, किडकिडीत गृहस्थ टाइपाच्या खणाखणांच्या केसपुढे उभे राहून खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरे, वेचत होते. डोक्याला काळी टोपी, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर, आणि वर्षानुवर्षे एकाच बाजूला झुकून उभे राहिल्याने उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरलेला. हात न थांबवता ते म्हणाले, "हे खोकं तुम्हाला कुणी दिलं?"

"कुणी नाही. इथंच होतं."

"मग खुर्ची मागा."

"पहिल्याच दिवशी?"

"पहिल्याच दिवशी मागायची. उद्या तुम्हाला खोक्याची सवय होईल आणि परवा मालकाला तुमची." आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी मालकांच्या केबिनच्या दिशेने हाक दिली, "अण्णा, मास्तर खोक्यावर बसलेत!" आतून अण्णांचा आवाज आला, "मग?" मामा म्हणाले, "मग काय? तुमच्या पुस्तकात चूक राहिली तर लोक मास्तरांना हसतील, खोक्याला नाही हसणार." त्या खोक्याखाली शिरून दिसेनासे व्हावे असे मला झाले. नोकरी पहिल्याच दिवशी गेली, आता घरी कोणत्या तोंडाने सांगायचे, याचा मी विचार करू लागलो. संध्याकाळी खुर्ची आली. ती मला इतकी बोचली की आठवडाभर मी तिच्या काठावरच बसत होतो.

मामांच्या सहवासात माणूस सतत हादरलेला असे. त्यांना आवाज चढवावा लागत नसे. ते भांडत नसत, कुणाचा अपमानही करीत नसत. ज्या गोष्टीकडे न पाहण्याचे सगळ्यांनी मिळून ठरवलेले असे, नेमक्या त्या गोष्टीकडे ते बोट दाखवीत आणि पुन्हा शांतपणे खिळे वेचू लागत. लालबागेत त्यांच्या भाचीचे लग्न होते, आम्ही सगळे गेलो होतो. पंगत रंगात आली होती, जिलबीचा आग्रह चालला होता, आणि मामा पानावर हात ठेवून वरपित्याला विचारते झाले, "वाढप्यांची पंगत कधी?" वरपिता म्हणाला, "होईल की, सगळ्यांचं झाल्यावर." "तेव्हा जिलबी असेल?" मामा उठले, हात धुतले आणि एका वाढप्याच्या हातातले ताट काढून घेऊन त्याला आपल्या पाटावर बसवले. वधूचा मामा स्वतः जिलबी वाढतो आहे आणि घामाघूम झालेला वाढपी व्याह्यांच्या मांडीला मांडी लावून जेवतो आहे, असे ते दृश्य होते. वरपक्षाकडच्या एका म्हाताऱ्या बाईंना ठसका लागला. व्याह्यांनी पुढे कित्येक दिवस वधूच्या माहेरी पाऊल ठेवले नाही. मामा म्हणायचे, "येतील. जिलबी चांगली होती."

छापखान्यात हात धुवायला साबण नव्हता. टाइप शिशाचा, शाई चिकट आणि खिळे घासलेटने धुवायचे. दुपारी डबा उघडताना सगळ्यांची बोटे काळीकुट्ट असत. लोक ती सदऱ्याला पुसून जेवत. दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली. अण्णांच्या पत्नी, आमच्या वहिनी, रेशमी लुगडे नेसून पळीने तीर्थ वाटत होत्या. मामांनी आपला काळा तळवा पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. "वहिनी, हे तीर्थ पोटात जाणार की शिसं, ते तुम्ही सांगा. मी आपला घेतो." वहिनींचा हात हवेतच थांबला. त्या बिचाऱ्यांनी तोवर कामगारांचे हात इतक्या जवळून पाहिले नसावेत. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून नळाशी साबणाची वडी आली, आणि ती वहिनी स्वतः पाठवीत.

पाण्याच्या माठाची गोष्ट याहून अवघड. माठाजवळ दोन पेले असत. एक सगळ्यांचा, आणि एक फळीवर पालथा घातलेला, आमच्या मशीनमनचा. हा मशीनमन वरळीच्या बीडीडी चाळीतून येई. त्याच्या घरच्यांनी पुढे बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. दोन पेले कुणी ठरवले, केव्हा ठरवले, कुणाला माहीत नव्हते. विचारायचीही कुणाला गरज वाटली नव्हती. एके दिवशी मामांनी फळीवरचा पेला उचलला, माठातून भरला आणि सगळ्यांसमोर घटाघटा प्यायला. छापखान्यातले ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचे छपाईयंत्र, थांबले. मशीनमन स्वतःच सर्वांत जास्त हादरला होता. "मामा, तो माझा पेला!" तो म्हणाला. "माहीत आहे रे. तुझ्या पेल्याला गर्दी नसते. आम्हाला तिकडं रांग लावावी लागते." दुसऱ्या दिवशीही त्यांनी तोच पेला घेतला, तिसऱ्या दिवशी मीही घेतला, आणि मग कोणता पेला कुणाचा हे सांगणे कुणालाच शक्य राहिले नाही. मशीनमन तेवढा हसत म्हणे, "आता मलाच रांग लावावी लागते, मामा. हे काय केलंत?"

पण साबण आणि पेले ही किरकोळ कामे झाली. मामांच्या आयुष्यात खरी मागणी एकच होती, ती खिडकीची.

कंपोझिंगची खोली मागच्या अंगाला होती. रस्त्याचा वारा पुढच्या बाजूला अण्णांच्या केबिनमध्ये येई आणि तिथेच संपे. आमच्या खोलीला एक खिडकी होती, पण ती अण्णांच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने खिळे ठोकून बंद केलेली होती. का, तर वाऱ्याने कागद उडत. त्या बंद खिडकीवर वडील गेल्यावर त्यांचाच मोठा फोटो लागला होता, त्याला रोज ताजा हार. त्यामुळे खिडकी उघडा म्हणणे म्हणजे वडिलांना भिंतीवरून उतरवा म्हणण्यासारखे होते. आत शिशाची धूळ, घासलेटचा वास आणि विजेचे पिवळे दिवे. दुपारनंतर सगळी खोली खोकू लागे. त्यावर उपाय म्हणून वडिलांच्या काळापासून एक पद्धत चालत आली होती: चारच्या सुमाराला प्रत्येक कंपोझिटरला गुळाचा एक खडा. गूळ खाल्ला की शिसे बाधत नाही, अशी सगळ्यांची श्रद्धा. अण्णा स्वतः पितळी डबा घेऊन येत आणि प्रसाद द्यावा तसा प्रत्येकाच्या हातावर खडा ठेवीत. अण्णा मनाने खरोखर चांगले होते. खादी वापरीत, भाषण ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी येई, कुणाच्या घरी दुखणे असले तर विचारपूस करीत. गूळ देताना त्यांच्या चेहऱ्यावर मोठे समाधान असे.

मामा रोज हात पुढे करून गूळ घेत, कागदात बांधत आणि खिशात टाकीत. खात मात्र नसत. हे माझ्या लक्षात आले तेव्हा मी विचारले, "मामा, गूळ आवडत नाही का?"

"आवडतो की. कोकणातला माणूस मी."

"मग?"

"मास्तर, गूळ घशाला. छातीला खिडकी लागते. हा गूळ घ्यायचा, कारण तो आपला हक्क आहे. खायचा नाही, कारण ती लाच आहे. खिडकी झाली की खाऊ." एवढ्याशा गुळाच्या खड्यात एवढे राजकारण असेल, असे मला वाटले नव्हते. तो गूळ ते लालबागच्या आपल्या खोलीत एका चिनी मातीच्या बरणीत साठवीत. पावसाळ्यात तो पाघळे, उन्हाळ्यात दगड होई. मामी त्या बरणीच्या पायी चाळीतल्या सगळ्या मुंग्यांशी लढत.

याच दिवसांत संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. फाउंटनला गोळ्या चालल्या, गिरगावातल्या घरांत माणसे जेवणाच्या पानावरून उठून खिडक्यांशी जाऊन उभी राहू लागली. आमच्या छापखान्यात पत्रके येऊ लागली. अण्णा तर पेटूनच उठले होते. एका संध्याकाळी त्यांनी आम्हाला सगळ्यांना कंपोझिंगच्या खोलीत जमवले आणि वडिलांच्या फोटोखाली उभे राहून भरल्या आवाजात म्हणाले, "आता घड्याळ बघायचं नाही. महाराष्ट्रासाठी प्रत्येकानं कामाच्या वेळेनंतर थांबायचं. मोबदला मागायचा नाही. कुणाला काही बोलायचं आहे?"

अशा वेळी कुणाला काही बोलायचे नसते. मामांनी हात वर केला.

"अण्णा, थांबतो. मोबदला नको. पण खिडकी उघडा."

मशीनमन पुटपुटला, "मामा, आज नको." एका तरुण कंपोझिटरला राहवले नाही. तो ओरडला, "लाज वाटत नाही मामा? पोरं गोळ्या खातायत आणि तुम्हाला वारा पाहिजे?" मामा त्याच्याकडे वळले. "मेल्या, तुझाच खोकला मी दिवसभर ऐकतो. मुंबई आपल्याला मिळाली पाहिजेच. मिळाल्यावर ती बघायला खिडकी नको?" अण्णांचा चेहरा लाल झाला होता. "हा माझ्या वडिलांचा आणि महाराष्ट्राचा, दोघांचा अपमान आहे," ते म्हणाले. मामांनी टोपी नीट केली, हात साबणाने धुतले आणि वेळ झाली तसे निघून गेले. त्या दिवशी आम्ही सगळे थांबलो आणि पत्रके जुळवली. 'द्रोही' हा शब्द दोनतीनदा कानावर आला. मी खाली मान घालून प्रुफे वाचत होतो. ज्या माणसाला मी मनातून मानत होतो तो असा कसा निघाला, याचा मला जबर धक्का बसला होता.

त्या धक्क्यातून सावरायलाही मामांनी वेळ दिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते अण्णांच्या केबिनच्या दारात उभे राहिले. "अण्णा, सोमवारपासून मला रजा पाहिजे. पगारी."

"आता कशाला?"

"सत्याग्रहाला जातोय. आमच्या चाळीची तुकडी आहे. पकडतील, मग किती दिवस ठेवतील ते त्यांच्या हातात."

अण्णा उभेच राहिले. "तुरुंगात जायला पगारी रजा?"

"महाराष्ट्रासाठी घड्याळ बघायचं नाही, तुम्हीच म्हणालात. मी बघत नाही, तुम्हीही बघू नका."

अण्णा मामांना घेऊन केबिनमधून आमच्या खोलीत आले. मग त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी वडिलांच्या फोटोचा हार काढून मामांच्या गळ्यात घातला आणि रजा दिली. पगारी दिली. कालपर्यंत द्रोही म्हणणारे आम्ही सगळे त्यांना वाडीच्या तोंडापर्यंत पोहोचवायला गेलो. मामा निघताना मला म्हणाले, "माझा गूळ तेवढा रोज घेऊन ठेवा, मास्तर. गैरहजेरीत हक्क बुडतो."

ते परत आले तेव्हा चक्क जरा अंगाने भरलेले दिसत होते. मशीनमनने पेढे आणले होते. अण्णांनी त्यांना खुर्चीवर बसवून विचारले, "मामा, फार हाल झाले का हो?" आम्ही सगळे हालांची हकिगत ऐकायला टपून बसलो होतो. मामांनी पेढा खाल्ला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "झोपायला दाटी होती. डाळीत डाळ नव्हती, ती मागितली, मग थोडी आली. पण अण्णा, खोटं कशाला बोलू? कोठडीला खिडकी होती. गज होते, पण उघडी होती. मी तिथं खोकलो नाही."

अण्णांनी एक स्टूल ओढले, त्यावर चढले, वडिलांच्या फोटोला नमस्कार केला आणि तो स्वतःच्या हातांनी उतरवून माझ्याकडे दिला. पक्कड मागवली. गंजलेले खिळे एकेक करून किंचाळत निघाले. आम्ही भोवती उभे होतो. मामा सर्वांत पुढे, टोपी हातात घेऊन. अण्णांनी दोन्ही फळ्यांना जोर लावला आणि खिडकी उघडली.

समोर भिंत होती.

शेजारच्या इमारतीची, वीतभर अंतरावर, हिरवी शेवाळलेली भिंत. ती केव्हा बांधली गेली असेल देव जाणे. वडिलांनी कागद उडतात म्हणून खिडकी बंद केलीच नव्हती. उघडून उपयोग नाही म्हणून केली होती, आणि कुणाला तसे सांगायचा त्यांना संकोच वाटला असावा. अण्णा स्टुलावर तसेच उभे राहिले. मामांची इतक्या वर्षांची मागणी, तुरुंग, बरणीतला गूळ, सगळे त्या भिंतीवर जाऊन आपटले होते. त्यांच्याकडे पाहण्याचे धैर्य मला होईना. मामा पुढे झाले. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, भिंतीला लावून पाहिला, आत घेतला. मग वळून, ठराव मांडावा तशा त्याच स्वच्छ आवाजात म्हणाले, "बरं. मग आता अण्णांच्या केबिनची भिंत फोडायला पाहिजे. रस्त्याचा वारा तिथपर्यंत येतोच आहे."

कुणीतरी हसले, आणि मग सगळेच हसत सुटलो. अण्णासुद्धा स्टुलावरून पडता पडता हसले. भिंतीचे मात्र हसण्यावारीच गेले. फोटो पुन्हा जागेवर लागला. महाराष्ट्र झाला त्या दिवशी अण्णांनी साऱ्या वाडीला पेढे वाटले, आणि मामांनी पेढा खाऊन भिंतीची आठवण करून दिली. "करू, करू," अण्णा म्हणाले. केबिनमध्ये गिऱ्हाईक बसते, तिथे घासलेटचा वास कसा जाऊ द्यायचा, ही त्यांची अडचण होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. मामांचा खोकला तोवर आमच्या ट्रेडलच्या ठोक्याइतका नेहमीचा झाला होता. मग एक दिवस ते आले नाहीत. शिवडीच्या क्षयाच्या इस्पितळात मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी खिडकीजवळची खाट मागून घेतली होती. "मास्तर, माझा आजचा गूळ?" एवढेच त्यांनी विचारले. मी कागदाची पुडी दिली. ती त्यांनी उशाखाली ठेवली.

त्यांच्या दहाव्याला संध्याकाळी अण्णांनी छापखान्यात शोकसभा ठेवली. मामी एका बाजूला बसल्या होत्या, मांडीवर पदराने झाकलेले काहीतरी होते. अण्णा उठले. त्यांना फार गहिवरून आले होते, आणि अशा वेळी माणूस ठरावीक वाक्ये बोलून जातो. ते म्हणाले, "मामा निःस्वार्थी होते. त्यांनी स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही."

आम्ही सगळे थक्क होऊन एकमेकांकडे पाहू लागलो. मशीनमनने तोंडावर रुमाल धरला. तो रडत होता की हसत होता, कळेना. मामींनी मात्र सरळ मान वर केली. "काय बोलतास अण्णा! काय मागूक नाय असो एक दीस गेलो नाय त्येंचो," त्या म्हणाल्या, आणि पदराखालची बरणी काढून त्यांनी जमिनीवर ठेवली. "ही तुमची आसा. खिडकी झाली की खावची म्हणान ठेवल्यानी. आता मी घरात ठेवन काय करू?"

अण्णा खाली बसले. काळ्याभोर गुळाने बरणी गळ्यापर्यंत भरली होती. कुणीतरी काहीतरी बोलेल म्हणून मी वाट पाहिली. मग माझ्या लक्षात आले की ज्याने बोलायचे तो माणूस आता नाही. मी उठलो. माझा आवाज मामांसारखा नाही. तो घशातच अडकतो. "अण्णा," मी म्हणालो, "केबिनची भिंत." लगेच मशीनमन उभा राहिला. मामांची लाज काढणारा तो तरुण कंपोझिटर उभा राहिला. मग खोलीतले सगळेच उभे राहिले. बसलेले फक्त मामी आणि अण्णा.

रविवारी गवंडी आला. केबिन आणि आमची खोली यांच्यामधल्या भिंतीला आता चांगले मोठे भोक आहे. चौकट अजून बसायची आहे. सोमवारी चार वाजता अण्णा पितळी डबा न घेता आले. मामांची बरणी त्यांनी मधोमध ठेवली. गूळ इतका घट्ट झाला होता की टाइप ठोकायच्या लाकडी हातोड्याने तो फोडावा लागला. प्रत्येकाच्या हातावर एकेक खडा आला. त्याला घासलेटचा आणि शिशाचा वास येत होता. आम्ही तो खाल्ला. रस्त्यावरून वारा येत होता. अण्णांच्या टेबलावरचे कागद उडून केबिनभर पसरले होते, आणि अण्णा ते गोळा करायला उठले नाहीत.